बादलीवाल्याची बोट

मागच्या महिन्यात लेकीचा व्हिडिओ कॉल आला. ती परदेशात असते, जिथं निम्मं वर्ष बर्फात जातं आणि उरलेलं निम्मं बर्फाची वाट बघण्यात. "आई, हे बघ," म्हणत तिनं फोन फिरवला. एक मोठा हॉल होता, माणसांनी भरलेला. चांगली दाढीमिशांची माणसं, काही टकलू, माझ्या वयाच्या चारदोन बायकाही. आणि जवळजवळ सगळ्यांच्या डोक्यावर उपडी बादली. मला वाटलं, पाण्यासाठी मोर्चा निघालाय. आमच्या शहरात बादली घेऊन माणसं जमली की दुसरं काय वाटणार?

"ओळखलंस का?" लेक हसत होती.

मग मागच्या भिंतीवरचं मोठं चित्र दिसलं. तळ्याचा काठ, काठावर उपडी घातलेली केवढी तरी मोठी बादली, तिच्या बुडातून वर निघालेलं धुराडं, आणि दाराशी गाठोडं मांडीवर घेऊन बसलेलं ते राखाडी लोकरीचं जनावर. धड अस्वल नाही, धड उंदीर नाही. मी खुर्चीवरून उठूनच उभी राहिले.

लेक सांगत होती की हा लहान मुलांचा कार्यक्रम आता जगभर मोठी माणसंच बघतात. नोकरीवरून दमून आलेली, घटस्फोट झालेली, गाव सोडून आलेली. त्याचे कप मिळतात, मोजे मिळतात, एकानं तर दंडावर गोंदवून घेतलंय. असे मेळे गावोगाव भरतात. तिकडं आत कोपऱ्यात एक बाई चक्क रडत होती.

"आत्ता?" मी म्हटलं. "जगाला बराच उशीर झाला गं. आमच्या घरात धोतर नेसलेल्या माणसानं हे कधीच ओळखलं होतं."

लेकीनं फोन परत स्वतःकडं वळवला. मग हळूच म्हणाली, "आबा असायला पाहिजे होते."

मी फोन ठेवला. राग आला होता, आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं. असली बातमी घेऊन यायचं आणि ज्याला सांगायची तो माणूसच नाही. दोन्हीकडून नुसती चिडचिड.

लेकीचे आबा म्हणजे माझे सासरे. करमाडजवळ त्यांची मोसंबीची बाग होती. ती कारखान्यांच्या पट्ट्यात गेली, सासूबाई त्याआधीच गेल्या होत्या, आणि एका उन्हाळ्यात माझे यजमान त्यांना शहरात टीव्ही सेंटर भागातल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरी घेऊन आले. येताना त्यांनी एक वळकटी, एक काठी आणि जुन्या धोतरात बांधलेलं एक गाठोडं आणलं. वळकटी पसरली, काठी दाराआड उभी केली, गाठोडं मात्र कॉटखाली सरकवलं ते तिथंच राहिलं. झाडताना मी ते काठीनं थोडं बाजूला करायचे, तर लगेच आबांचं खाकरणं ऐकू यायचं. मी परत होतं तिथं ढकलायचे.

आता आमच्याकडची रीत सांगते, म्हणजे पुढचं कळेल. सुनेनं सासऱ्यासमोर बसायचं नाही, डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, आणि थेट बोलायचं तर मुळीच नाही. त्यांना "मामा" म्हणायचं असतं, पण म्हणायची वेळ येतेय कुठं? सगळं बोलणं मधे कुणाला तरी धरून. मी माहेरची सिल्लोडची, बारावी शिकलेली, चांगली तोंडाळ. वडील होते तोवर घरात माझ्यापुढं कुणाची टाप नव्हती. ते गेले, भाऊ मुंबईला गेला, माहेर म्हणून सणाला जायचं घर उरलं नाही. आणि इकडं ज्यांच्याशी बोलावं असा एक वडीलधारा माणूस घरात आला, तर तोंडाला पदर.

मधे धरायला आमच्याकडं लेक होती, पहिली-दुसरीतली. "आबांना विचार, भाकरी आत्ता टाकू का?" आबा चार हातांवर बसलेले, माझा शब्द न् शब्द ऐकलेले. तरी लेक जाऊन विचारणार आणि आबा तिला सांगणार, "म्हनावं टाक." पोरगी वैतागायची. "तुम्हाला दोघांना ऐकू येतं की!" म्हणायची. तिला कोण सांगणार, ऐकू येणं वेगळं आणि बोलणं वेगळं.

मला त्या दिवसांत एकच जाणून घ्यायचं होतं. हा माणूस आमच्या घरी राहायला आलाय, की नुसता थांबलाय? दर चार दिवसांनी ते सकाळी टोपी घालून सिडको स्टँडवर जायचे, करमाडवरून जालन्याकडं जाणाऱ्या गाड्या बघायचे आणि दुपारी परत यायचे. यजमान कारखान्यात पाळीला. त्यांना म्हटलं तर म्हणायचे, "पाय मोकळे करतेत." नवरे माणसांना असल्या गोष्टी कधी दिसल्यात?

तेव्हा घरी नवीनच केबल आली होती. शाळा सुटून लेक आली की साडेचारला तो कार्यक्रम लागायचा. त्यात भाषाच नव्हती. ते लोकरीचं जनावर नुसतं "ऊंम्" म्हणायचं. खूश असलं तरी ऊंम्, पडलं तरी ऊंम्. रोज सकाळी गाठोडं बांधायचं, दाराशी येऊन बसायचं आणि बोटीची वाट बघायचं. बोट यायची तेवढ्यात कुणाचं काहीतरी निघायचं. बदकाचं छप्पर उडालंय, गोगलगायीला ताप आलाय, तळ्यातल्या बेडकाला पोहता येईना. हे गाठोडं खाली ठेवून धावणार, काम होईस्तोवर बोट शिट्टी मारून निघून जाणार. मग ते परत बादलीत जाऊन किटलीत चहा करायचं आणि किटलीच्या झाकणात ओतून प्यायचं. संपलं. उद्या पुन्हा तेच.

लेक ते पडलं की हसायची. आबा हसायचे नाहीत. पुढं सरकून, काठीवर हनुवटी टेकवून बघायचे. "हुकली का यष्टी पुन्यांदा," म्हणायचे. बोटीला ते यष्टीच म्हणायचे. मी स्वयंपाकघराच्या दारात, पडद्याआड, एक डोळा टीव्हीवर आणि एक गॅसवर. माझं दूध त्या काळात कितीदा उतू गेलं, ते मी यजमानांना कधी कळू दिलं नाही.

खालच्या मजल्यावर एक म्हातारे शिंपी राहायचे, शहागंजातलं दुकान मुलावर सोपवून घरी बसलेले. आबांची आणि त्यांची जोडी जमली होती. एक दिवस ते आमच्या लेकीला चॉकलेट द्यायचं निमित्त करून साडेचारला वर आले. मग रोजच निमित्त निघायला लागलं. आल्या आल्या विचारायचे, "क्या मियाँ, गया क्या तुम्हारा बादलीवाला?"

"कुठं जातंय," आबा म्हणायचे.

"उस गठड़ी में है क्या आखिर? खोलता काइकू नै?"

यावर त्यांचे तर्क चालायचे. शिंपीचाचा म्हणायचे कपडे असणार. लेक म्हणायची खाऊ. एकदा लेकीनं विचारलं, "आबा, हा झाकणात चहा का पितो? त्याच्याकडं कप नाही?"

आबा म्हणाले, "जायच्या मानसाचं सामान बांधलेलं आसतंय बाई."

मी पडद्याआड हातातलं लाटणं तसंच धरून उभी होते. कॉटखालचं गाठोडं मला तिथून दिसत होतं.

लेक तिसरीत गेली आणि तिला साडेचारची शिकवणी लागली. झाली पंचाईत. चाचांचं चॉकलेटचं निमित्त गेलं, ते यायचे थांबले. पोरगी घरात नाही, तर लहान मुलांचा कार्यक्रम लावायचा कुणासाठी? सासरा आणि सून, मिळून कार्टून बघतात म्हटल्यावर लोक काय म्हणतील? पहिल्या दिवशी साडेचार झाले. आबा खुर्चीत. मी दारात. टीव्ही बंद. बाहेर भंगारवाला ओरडत गेला. आबा खाकरले. मी भांडी आपटली. शेवटी आबा उठले, टीव्हीवरची धूळ पंच्यानं झटकली, आणि झटकता झटकता बटण दाबलं गेलं.

बादलीवालं बाहेर आलं. आबांनी त्याच्याकडं बघून मोठ्यानं म्हटलं, "च्या घेतलास का रं बाबा?"

एक क्षण मला कळलंच नाही. मग कळलं आणि पदर तोंडात कोंबून मी हसले. आधण ठेवलं आणि मीही त्या टीव्हीलाच सांगितलं, "बादलीवाल्या, साखर संपलीय. गुळाचा चालेल का?"

"चालतंय त्येला," आबा म्हणाले.

आणि अशी आमची रीत सुरू झाली. रीत मोडली असं कुणी म्हणू शकणार नव्हतं. मी सासऱ्याशी एक शब्द बोलत नव्हते, ते सुनेशी एक शब्द बोलत नव्हते. आम्ही दोघं आपलं त्या प्राण्याशी बोलत होतो. "तुझ्या पायाला लावायचं तेल ठेवलंय बादलीवाल्या, वाटीत आहे." "आरं, कालची आमटी लई झ्याक झालती." त्याच्याच तोंडून मला बागेतल्या विहिरीचं पाणी किती गोड होतं ते कळलं, मोसंबीला ताण कधी द्यायचा, म्हणजे पाणी कधी तोडायचं, ते कळलं, आणि शेवटच्या दिवशी आबा बागेत प्रत्येक झाडाला हात लावून आले तेही कळलं. मी विचारलं, "रडलास का रे तेव्हा?" टीव्हीतल्यानं म्हटलं, "ऊंम्." 

एका दुपारी भावाचा फोन आला की सिल्लोडचं घर विकलं. विचारलं नाही, नुसतं कळवलं. मी फोन ठेवला आणि ओट्याशी उभी राहून रडत होते. आवाज होऊ नये म्हणून नळ सोडला होता. टीव्ही चालू होता. थोड्या वेळानं बाहेरून आबांचा आवाज आला, रोजच्यापेक्षा मोठा. "आरं बादलीवाल्या, घर इकलं म्हनून मानूस उघड्यावर पडत नस्तंय. आन् रडू नको. मी हाय की."

मी नळ बंद केला. वडील गेल्यानंतर मला असं कुणी म्हटलं नव्हतं. बाहेर जाऊन त्यांच्या पाया पडावं असं वाटलं, पण सण नाही, वार नाही, कारण काय सांगणार? मी चहा ठेवला.

मग एकदा टीव्हीवर दाखवायला लागले की पुढच्या शुक्रवारी शेवटचा भाग. बोट, शिट्टी, आणि गाठोडं घेऊन उभं असलेलं ते. आता कळणार होतं, जातं की राहतं. आबांनी शिंपीचाचांना सांगून ठेवलं. शुक्रवारी दुपारी त्यांनी धुतलेलं धोतर नेसलं. मी चार वाजता पोहे भिजवले, म्हणजे नंतर दारातून हलायला नको.

साडेचारला पाच मिनिटं असताना दार वाजलं. शिंपीचाचा असतील म्हणून आबांनी हौसेनं उघडलं, तर करमाडचे भावकीतले लोक. लग्नाची बोलणी, मुलगी कुणाची, सोयरीक कशी. चांगले आठदहा जण. आबांनी "या, या" केलं. त्यातल्या एकानं विचारलं, "टीव्हीवर काय चाललंय?" गाणं सुरू झालं होतं, धुराड्यातून धूर निघत होता.

आबा म्हणाले, "काय नाय, पोरांचं हाय." आणि आपल्या हातानं बंद केलं.

पोर घरात नव्हतंच. ते मला माहीत, त्यांना माहीत. मी आत पापड तळत होते आणि बाहेर आबा मानपानाचं बोलत होते, अगदी नीट, एकही शब्द न चुकता. शिंपीचाचा दारापर्यंत आले, चपलांचा ढीग बघितला आणि उलट पावली खाली गेले. पाहुणे गेले तेव्हा दिवेलागण झाली होती. आबा काळ्या पडद्यासमोर बसले. "गेली आपली बी यष्टी," म्हणाले.

तो भाग पुन्हा लागला नाही. चाचांकडं तर केबलच नव्हती. त्यानंतर आमचा वाद सुरू झाला तो संपलाच नाही. मी बंद टीव्हीला सांगायचे, "गेला असणार. कधी ना कधी जायलाच पाहिजे." आबा म्हणायचे, "न्हाई जायचा. बदकाचं कोन बघंल? त्येची मानसं हायती तिथं." मला वाटायचं, मला बरं वाटावं म्हणून म्हणतात. स्टँडवर जाणं हळूहळू बंद झालं, पण ते गुडघ्यांमुळं असेल असं मी धरून चालले.

त्याच सुमाराला एक गंमत झाली. आबांनी लेकीच्या हाती जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, एक पेला पाठवला, काठाला पोचे आलेला, बुडाला काळा पडलेला. "आईला म्हनावं, च्या ह्याच्यात दे." माझं डोकंच फिरलं. मी नवीन कपबशांचा सेट घेतला होता, फुलाफुलांचा. बोलायचं नसलं तरी सुनेच्या वस्तूला नावं ठेवायला माणसं बरोबर वाट काढतात, असं मनात म्हणत मी तो पेला राखेनं दणादणा घासला. तेव्हापासून त्यांचा चहा त्यातच. मी काही विचारलं नाही, त्यांनी काही सांगितलं नाही.

शेवटच्या आजारात ते दवाखान्यात होते. लेकीची परीक्षा, यजमान औषधं आणायला खाली. खोलीत आम्ही दोघंच. तिथं टीव्ही नव्हता. ते माझ्याकडं बघत होते, मी पदर सावरून भिंतीकडं बघत होते. बोलायला इतकं साठलं होतं, आणि मधे धरायला कुणी नव्हतं. मग त्यांनी, ओठ सुकलेले तरी, म्हटलं, "ऊंम्."

मीही म्हटलं, "ऊंम्."

तेवढंच. त्यानंतर ते माझ्याशी काही बोलले नाहीत.

लेकीनं त्या मेळ्यानंतर शेवटचा भाग फोनवर पाठवला. मी तो बरेच दिवस उघडलाच नाही. यजमान म्हणाले, "एवढं काय त्यात, कार्टूनच तर हाय." मी म्हटलं, "तुम्ही झोपा." शेवटी काल दुपारी लेकीनं सांगितलं तसं फोनवरचं टीव्हीला जोडलं. आबांची खुर्ची पुढं ओढली. साडेचार वाजले तेव्हा मला माझंच हसू आलं, कारण मी सोफ्यावर न बसता स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिले होते. डोक्यावर पदर होता. कधी घेतला कुणास ठाऊक.

बोट आली. बदक, गोगलगाय, बेडूक सगळे काठावर निरोपाला आले. या वेळी कुणाचं काही अडलं नव्हतं. त्यानं एक पाय बोटीत ठेवला आणि मागं वळून पाहिलं. बादलीच्या धुराड्यातून धूर येत होता. किटली चुलीवरच राहिली होती. ते किटली उतरवायला परत गेलं. बोटीनं शिट्टी दिली, दोनदा, आणि निघून गेली. त्यानं खिडकीतून बघितलं, "ऊंम्" म्हणालं, आणि गाठोडं टेबलावर ठेवून त्याची गाठ सोडली.

आत फक्त एक पेला होता. साधा, पोचे आलेला. त्यानं त्यात चहा ओतला आणि रिकामं फडकं खिळ्याला अडकवलं.

मी आतल्या खोलीत गेले. आबांच्या कॉटखाली आता लेकीची पुस्तकं आहेत. तिथलं गाठोडं कधी दिसेनासं झालं, हे मी त्या वेळी पाहिलंच नव्हतं. ज्या धोतरात ते बांधलेलं होतं त्याचं कितीतरी वर्षं मी फडकं करून ओट्यावर वापरलं. कुणी दिलं मला ते? लेकीनंच आणून दिलं असणार. "आबा म्हणाले, हे आता लागत नाही."

मांडणीच्या वरच्या फळीवरून तो जर्मनचा पेला काढला. गुळाचा चहा केला, त्यात ओतला, आणि बाहेर येऊन खुर्चीसमोरच्या स्टुलावर ठेवला. मग आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्यासमोर बसले.

"मामा," मी म्हटलं, "तुमचं खरं निघालं. ते गेलं नाही."